घरी बांधलेल्या स्पीकरला जाळीचं कापड: आधी चौकट, मग कापड

प्रश्न थोडक्यात असा आहे. १८ मिलिमीटर एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीची) दोन खोकी घरी बांधली, प्रत्येकात खर्जासाठी साडेसहा इंची वूफर आणि बारीक, चढ्या आवाजासाठी एक इंची डोम (घुमटाकार पडद्याचा) ट्विटर. आवाज मनासारखा आला. मग पुढच्या फळीवर पांढरा सुतारी गोंद फासून काळं कापड थेट चिकटवलं. दोन आठवड्यांत वूफरसमोर झोळ पडला, वरचा एक कोपरा सुटला, गोंद जिथे कापडातून वर आला तिथे चकाकणारे डाग उमटले आणि झांजेचा आवाज पूर्वीसारखा मोकळा वाटेनासा झाला. वैतागून कापड काढून टाकलं. आता नवीन लावायचं तर कोणतं घ्यावं आणि कशानं चिकटवावं?

आधी सरळ उत्तर देतो. कापड खोक्याला चिकटवूच नका. वेगळी चौकट करा, कापड तिच्यावर ताणा आणि चौकट खोक्यावर अशी बसवा की हवी तेव्हा हातानं काढता येईल. "कशानं चिकटवावं" हा प्रश्न सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो, पण इतक्या वर्षांत मी जेवढी खोकी बांधली त्यांत कापडानं फारसा त्रास दिला नाही. त्रास दिला तो चौकटीनं. कधी ती वाकली, कधी खुळखुळली, कधी तिच्या सरळ कडेनं ट्विटरचा आवाज बिघडवला. म्हणून या उत्तरातला बराच भाग चौकटीचाच असणार आहे.

थेट फळीवर कापड लावण्याची पद्धत चूक आहे असं मात्र नाही. गिटारच्या ॲम्प्लिफायरची बरीचशी खोकी तशीच बनतात: कापड फळीवरून ओढून मागे पिना मारतात आणि स्पीकर मागच्या बाजूनं कसतात. तिथे ते चालतं, कारण स्पीकर काढायचा झाला तर मागून निघतो, कापडाला हात लावावा लागत नाही. तुमचे वूफर आणि ट्विटर पुढून स्क्रूनं बसवलेले आहेत. वर्षभरात कधीतरी स्क्रू सैल होतील, क्रॉसओव्हरमधला (वूफर आणि ट्विटरला आपापले स्वर वाटून देणाऱ्या सर्किटमधला) एखादा रेझिस्टर बदलावासा वाटेल, आतला कापूस कमी-जास्त करावा लागेल. दर वेळी कापड फाडणार का? घरी बांधलेला स्पीकर पहिल्या वर्षात चार-पाच वेळा तरी उघडला जातो.

नव्या कामाला लागण्यापूर्वी जुना गोंद काढा. दोन्ही स्पीकर आधी बाहेर काढून ठेवा. एमडीएफची भुकटी वूफरच्या मधल्या फटीत गेली तर ती कायमची घासत राहते. पांढरा गोंद ओलाव्यानं मऊ पडतो, पण एमडीएफलाही पाणी सोसत नाही, ते फुगतं. तेव्हा फडकं घट्ट पिळून, जेमतेम दमट करून गोंदावर दहा मिनिटं ठेवायचं आणि बोथट पात्यानं खरवडायचं. उरलेलं १२० आणि मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून सारखं करा आणि फळीला काळा मॅट रंग द्या. पांढरट किंवा पिवळट फळी कापडामागून दिसते, आणि दिव्याच्या उजेडात तर फारच दिसते.

आता कापड. एकच गुण बघायचा: हवा त्यातून बिनविरोध गेली पाहिजे. कापडाचा एकेरी तुकडा ओठांसमोर धरून हळू फुंका, पलीकडे हाताचा तळवा धरा. फुंकर जवळजवळ तशीच हाताला लागली तर कापड योग्य. फुंकताना गालांना जोर जाणवला तर ते बाजूला ठेवा, रंग कितीही आवडला असला तरी. दुसरी परीक्षा उजेडाची. खिडकीसमोर धरलं की सगळीकडे सारखी बारीक भोकं दिसायला हवीत. धाग्यांवर लव असलेलं कापड उजेडात विरळ दिसतं, पण त्या लवेमुळे भोकं निम्मी बुजलेली असतात, म्हणून फुंकरीची परीक्षा आधी. तिसरी परीक्षा कानाची. ट्विटरवर झांज किंवा तंबोरा चालू ठेवून डोळे मिटा, आणि कुणाला तरी कापड ट्विटरसमोर धरायला आणि काढायला सांगा. कधी आहे आणि कधी नाही हे ओळखता येईनासं झालं की शोध संपला.

स्पीकरसाठी म्हणून जे कापड मिळतं ते बहुतेक पॉलिएस्टरचं, विणलेल्या बनियनसारख्या फाशांचं असतं. ते दोन्ही दिशांना थोडं ताणतं, दमट हवेत फुगत नाही आणि ताण सोडत नाही. सुती कापड मी टाळतो. ते ओलावा धरतं, पावसाळी हवेत सैलावतं, कोरड्या हवेत आखडतं. तुमच्याकडचा झोळ मला त्यातलाच वाटतो, आणि गोंदातल्या पाण्यानं त्यात भर घातली असणार. जुना पडदा वापरू का, असंही बरेच जण विचारतात. पडदा जाळीदार असला आणि फुंकरीला उतरला तर खुशाल वापरा, पण पडद्याची कापडं सहसा उजेड अडवण्यासाठी घट्ट विणलेली असतात. आडव्या-उभ्या रेघांचं किंवा सोनेरी धाग्याचं कापड पहिल्या कामाला घेऊ नका. रेघ कडेला दोन मिलिमीटर तिरकी गेली तरी डोळ्यांना खुपते. फिक्या रंगाचं कापड हवं असेल तर त्यामागून वूफरची काळी वर्तुळं दिसणार हे धरून चाला. ती झाकायला आत दुसरं कापड लावलं की आवाजाला दोन पडदे ओलांडावे लागतात.

झांजेचा मोकळेपणा का गेला याचं उत्तरही इथेच आहे. बारीक तरंगलांबीच्या आवाजाला घट्ट विणीचा अडथळा सर्वांत आधी होतो. खर्जाला तो जाणवतही नाही. त्यात ट्विटरच्या आसपास गोंद कापडात शिरला असेल तर तिथली भोकं बंदच झाली. चांगलं कापडही अगदी शून्य अडथळ्याचं नसतं. दहा हजार हर्ट्‌झच्या वर अर्धा ते एक डेसिबल खातं. तेवढं कानाला कळत नाही, किंवा कळलं तरी सोसतं.

आता चौकटीकडे येतो. एमडीएफपेक्षा प्लायवूड घ्या, जाडी १२ मिलिमीटर. एमडीएफ पातळ पट्टीत कमजोर असतं आणि पिना धरत नाही. चार पट्ट्या कोपऱ्यात जोडण्यापेक्षा अख्ख्या फळीतून मधला भाग जिगसॉनं कापून काढलेली चौकट मला जास्त आवडते. लाकूड वाया जातं हे खरं, पण कोपऱ्यात सांधाच नसल्यामुळे सांधा सुटण्याचा प्रश्न येत नाही आणि चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात राहते. पट्टीची रुंदी २० ते २५ मिलिमीटर ठेवा. मधला भाग कापताना आतले कोपरे गोल सोडा, तिथेच चौकटीला बळ मिळतं.

बाहेरचं माप खोक्याच्या दर्शनी मापापेक्षा प्रत्येक बाजूला एक मिलिमीटर कमी. कापड कडेवरून वळतं, त्याची जाडी दोन्हीकडे वाढते. ही गोष्ट विसरलात तर चौकट खोक्याच्या बाहेर डोकावते आणि बोट फिरवलं की लागते. चौकट खोक्याच्या खाचेत बसवणार असाल तर दोन्हीकडे दोन-दोन मिलिमीटर सोडा, नाहीतर दमट दिवसांत ती अडकून बसेल.

वूफरसमोर जागा किती लागते, हे अंदाजानं ठरवू नका. पोलादी पट्टी फळीवर उभ्या कडेनं टेकवा आणि वूफरच्या भोवतीची रबरी गोलाई फळीच्या पातळीपेक्षा किती वर आहे ते मोजा. त्यात वूफरच्या माहितीपत्रकात दिलेल्या एकमार्गी हालचालीची दुप्पट मिळवा. उदाहरणार्थ, गोलाई ४ मिलिमीटर वर आणि हालचाल ४ मिलिमीटर, तर ४ अधिक ८, म्हणजे १२. जेमतेम बसलं. गोलाई ६ मिलिमीटर वर असेल तर १२ मिलिमीटरची चौकट पुरणार नाही. मोठ्या आवाजात रबर कापडाला आतून थापट मारेल आणि ती थाप ऐकू येईल. अशा वेळी १५ मिलिमीटरची फळी घ्या किंवा चौकटीमागे फेल्टचे जाड तुकडे लावून ती थोडी पुढे आणा. सबवूफरला तर २० मिलिमीटरहून जास्तही लागू शकतं. तिथे मापाशिवाय पुढे जाऊच नका.

पण चौकट जाड केली की दुसरी अडचण उभी राहते, आणि माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. ट्विटरच्या बाजूला १२ मिलिमीटर उंचीची सरळ भिंत उभी राहते. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर धरला तर ३,४०० हर्ट्‌झची तरंगलांबी १० सेंटिमीटर होते, आणि १०,००० हर्ट्‌झची ३.४ सेंटिमीटर. म्हणजे ट्विटर जे स्वर वाजवतो त्यांत ही भिंत आवाजाला चांगलीच जाणवते. ट्विटरपासून भिंत सात सेंटिमीटरवर असेल तर तिथून उलटलेला आवाज मूळ आवाजापेक्षा जवळपास तेवढंच जास्त अंतर कापून कानापर्यंत येतो. काही स्वरांत तो मूळ आवाजात मिसळून त्याला फुगवतो, काहींत त्याला खातो. ट्विटर दोन्ही भिंतींच्या बरोबर मध्ये असेल तर दोन्हीकडून सारखाच उशीर होतो आणि परिणाम दुप्पट होतो. मी माझ्या एका जोडीवर मायक्रोफोन लावून बघितलं होतं. कापडाशिवाय नुसती रिकामी चौकट बसवली तरी दोन ते आठ हजार हर्ट्‌झमध्ये दोन डेसिबलच्या आसपास लाटा उठल्या. नुसतं कापड हातात धरलं तर तिथे काहीच फरक नाही. त्या दिवसापासून कापडाला दोष देणं मी सोडलं.

यावर उपाय सोपा आहे आणि एकाच कामात दोन हेतू साधतो. चौकटीच्या आतल्या कडेला उतार द्या. उतार असा की पट्टी बाहेरच्या कडेला पूर्ण १२ मिलिमीटर जाड राहील आणि आत ट्विटरकडे येताना कमी होत होत तीन-चार मिलिमीटरवर येईल. छेद घेतला तर तो साधारण त्रिकोणी दिसेल. ट्विटरचा आवाज मग भिंतीवर आदळण्याऐवजी उतारावरून निघून जातो. दुसरा फायदा दिसण्याचा. पट्टीचा पुढचा भाग सपाट ठेवला तर ताणलेलं कापड तिला सगळीकडे टेकतं आणि काही महिन्यांनी चौकटीची आतली कड कापडावर रेघेसारखी उमटते. उतार दिला की कापड फक्त बाहेरच्या काठावर टेकतं, मध्ये सगळं अधांतरी राहतं आणि रेघ कधीच उमटत नाही. चित्रकारांच्या कॅनव्हासच्या चौकटीलाही याच कारणासाठी आतल्या बाजूला उतार असतो.

उतार रंध्यानं किंवा राउटरनं (लाकूड कोरायच्या यंत्रानं) द्या. दोन्ही नसेल तर खरखरीत कानस आणि थोडा धीर पुरतो, कारण ही बाजू कापडाखाली जाणार आहे आणि ती गुळगुळीत असण्याची गरज नाही. बाहेरची पुढची कड मात्र नीट गोल करा, तीन मिलिमीटरच्या आसपास. धारदार कडेवर ताणलेला धागा हळूहळू कापला जातो, आणि कोपऱ्यावर तर महिन्याभरात भोक पडतं. ट्विटरच्या दोन्ही बाजूंच्या उतारावर दोन-तीन मिलिमीटरचं लोकरी फेल्ट चिकटवलं तर आणखी बरं, पण उतार नीट झाला असेल तर मी तेवढं करत नाही.

तुमची खोकी टेबलावर ठेवण्याच्या उंचीची असतील तर चार बाजू पुरतात. उंची ६० सेंटिमीटरच्या पुढे गेली की उभ्या पट्ट्या कापडाच्या ताणानं आत ओढल्या जातात आणि चौकट डमरूसारखी मध्ये बारीक होते. हे पिना मारताना कळत नाही, खोक्यावर बसवल्यावर कळतं. अशा वेळी वूफर आणि ट्विटरच्या मध्ये एक आडवी पट्टी द्या. तीही पातळ आणि उताराची, आणि कापडाच्या पातळीपेक्षा तीन मिलिमीटर खाली.

खोक्याच्या पुढच्या बाजूला हवेचं भोक असेल तर चौकटीची खालची पट्टी त्याच्या वर संपवा, भोकावर कापड येऊ देऊ नका. भोकातली हवा सेकंदाला १७ मीटरच्या वर गेली की ती स्वतःच फुसफुसू लागते, असा बांधणाऱ्यांचा ठोकताळा आहे. तिच्यासमोर जाळी आली की फुसफुस आणखी वाढते आणि खर्ज दबतो.

चौकट तयार झाली की कापड लावण्याआधी दोन कामं उरकून घ्या: रंग आणि अडकवण्याची सोय. रंग काळा, मॅट, दोन हात. पूर्ण वाळू द्या, एक दिवस तरी. ओलसर रंगावर ताणलेलं कापड चिकटतं आणि मग निघत नाही.

अडकवण्यासाठी मी आता बहुतेक चुंबकच वापरतो. १० मिलिमीटर व्यासाचे, ३ मिलिमीटर जाडीचे निओडिमियम चुंबक, लहान चौकटीला चार, उंच चौकटीला सहा. चौकटीच्या मागच्या बाजूला, बाहेरच्या जाड भागात, सपाट तळाचं भोक पाडणाऱ्या १० मिलिमीटरच्या बिटनं तीन मिलिमीटरपेक्षा किंचित खोल भोक पाडा आणि चुंबक इपॉक्सीनं बसवा. गरम गोंदाच्या भरवशावर राहू नका. दर वेळी चौकट ओढताना चुंबकावर ताण येतो आणि एक दिवस चौकट हातात येते, चुंबक खोक्यावरच राहतो. खोक्याच्या बाजूला चुंबकासमोर चुंबक न लावता साधा लोखंडी चपट्या डोक्याचा स्क्रू फळीत डोक्यापर्यंत बुडवून बसवा. पकड थोडी कमी मिळते, पण कोणतं टोक कुठे याची भानगड राहत नाही. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू घेणार असाल तर आधी चुंबक लावून बघा, त्यातले पुष्कळ प्रकार चुंबकाला चिकटतच नाहीत.

हे काम करताना ट्विटर खोक्यावर नको. एकदा चुंबक माझ्या बोटांतून निसटला तो उडी मारून थेट ट्विटरच्या डोमवर आपटला, कारण ट्विटरच्या आत चुंबकच असतो. रेशमी डोम होता, खळगा पडला आणि काही केल्या पूर्ण वर आला नाही. पेचकस आणि मोकळ्या पिनाही तशाच ओढल्या जातात. ट्विटर बसवलेलाच ठेवावा लागणार असेल तर त्यावर पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची वाटी पालथी घालून चिकटपट्टीनं पक्की करा. चौकटीतले चुंबक नंतर ट्विटरच्या आवाजावर काही परिणाम करतात का, अशी शंका येते. काही सेंटिमीटर अंतरावरचा एवढासा स्थिर चुंबक काही करत नाही.

प्लॅस्टिकच्या खुंट्या आणि वाट्या हा जुना आणि भरवशाचा मार्ग आहे. एकच अडचण, भोकं दोन्हीकडे तंतोतंत समोरासमोर यायला हवीत. मोजून कधीच येत नाहीत. चौकट खोक्यावर बरोबर जागी धरून क्लॅम्पनं पक्की करा आणि २ मिलिमीटरच्या बिटनं चौकटीतून आरपार, फळीत पाच मिलिमीटर शिरेल असं एकदमच भोक पाडा. मग दोन्ही वेगळ्या करून प्रत्येक भोक हव्या त्या मापाचं करा. बिटला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करायला विसरू नका. फळीच्या आरपार भोक गेलं तर खोक्यातून हवा गळते आणि खर्ज बिघडतो. व्हेल्क्रोही चालतो, पण त्याची जाडी प्रत्येक ठिकाणी वेगवेगळी दबते आणि चौकट सरळ दिसत नाही. मी तो फक्त तात्पुरत्या कामाला वापरतो.

आता ताणण्याचं काम. कापड चारी बाजूंना पाच सेंटिमीटर जास्त ठेवून कापा आणि घडीच्या सुरकुत्या कोमट इस्त्रीनं, वर दुसरं कापड ठेवून काढा. दोन्ही खोक्यांचं कापड एकाच तुकड्यातून आणि एकाच दिशेनं कापा. एक उभं आणि एक आडवं लावलं तर शेजारी ठेवल्यावर रंग वेगळा वाटतो. स्वच्छ टेबलावर कापड उलटं पसरा, त्यावर चौकट पालथी ठेवा. कापडाच्या उभ्या धाग्यांची रांग चौकटीच्या कडेला समांतर आहे ना, हे दोनदा बघा.

पिना सहा मिलिमीटरच्या, आणि त्या चौकटीच्या मागच्या सपाट बाजूवर, बाहेरच्या कडेपासून आठ मिलिमीटरच्या आत. तिथे लाकूड जाड आहे. आत उताराकडे गेलात तर पिनेचं टोक पुढून बाहेर येईल. कडेच्या उभ्या बाजूला पिना मारू नका, प्लायचे थर उकलतात आणि पिना दिसतातही. पहिली पिन वरच्या पट्टीच्या मध्यावर. मग खालच्या पट्टीच्या मध्यावर, कापड ओढून. मग डावी, मग उजवी. यानंतर प्रत्येक बाजूला मध्याकडून कोपऱ्याकडे, तीन-तीन सेंटिमीटरवर, समोरासमोरच्या जोडीनं पुढे सरका. एक अख्खी बाजू संपवून दुसरीकडे गेलात की कापड तिरकं ओढलं जातं आणि लाटा येतात. कोपऱ्याच्या अलीकडे चार सेंटिमीटरवर थांबा.

ताण किती द्यायचा, हे सांगून कळत नाही, पण एक माप देतो. विणीच्या कापडाला ३० सेंटिमीटरमागे साधारण एक सेंटिमीटर ताण पुरतो. बोटानं मध्ये दाबलं तर सहज एखादा सेंटिमीटर आत जावं आणि बोट काढताच पूर्ववत व्हावं. पहिल्यांदा करणारे ढोलकीसारखं ताणतात. त्यानं चौकट वाकते आणि कोपऱ्यात कापडाची वीण पसरून पांढुरकी दिसते. पहिल्या फेरीत पिना थोड्या तिरक्या, अर्ध्याच आत जातील अशा मारा, म्हणजे चुकलेली पिन चिमट्यानं सहज निघते. चौकट उलटून उजेडात बघा, रेघा सरळ असतील तरच हातोडीनं हलकेच ठोकून पिना पूर्ण बसवा.

कोपरा शेवटी. कापडाचं टोक कर्णाच्या दिशेनं मागे ओढा आणि एक पिन मारा. दोन्ही बाजूंना दोन कान उरतील, ते एक-एक करून दुमडून पिना मारा. विणीचं कापड असेल तर हळूहळू ओढत बहुतेक चुण्या मागच्या बाजूला नेता येतात. फाजील कापड दोन्ही कान पक्के झाल्यावरच कापा. आधी कापलं की नेमकं हवं असतं तेच हातातून जातं. चार पदर एकत्र आल्यानं मागे कोपऱ्यात उंचवटा होतो आणि चौकट खोक्यावर डगमगते. म्हणून मी ताणण्याआधीच पटाशीनं चारही कोपऱ्यांच्या मागे एक मिलिमीटर खोल सपाट भाग काढून ठेवतो. पाच मिनिटांचं काम आहे.

पिनांची बंदूक नसेल आणि गोंदच वापरायचा असेल, तर तो फक्त चौकटीच्या मागच्या बाजूला. फवाऱ्याचा गोंद थेट कापडावर कधीही मारू नका. चौकटीवर मारा, बोटाला चिकट पण ओला नाही असा होईपर्यंत थांबा, मग कापड वळवून दाबा. गरम गोंदही चालतो, पण तो अति तापलेला असेल तर पॉलिएस्टर वितळतं. थेंब लाकडावर टाकून पाच सेकंद थांबा आणि मग कापड दाबा. झटपट चिकटणारा सुपरग्लू नकोच. तो कापडात भिनून कडक होतो, पांढरी साय धरतो आणि सुती कापडावर सांडला तर चटका बसेल इतका तापतो. राउटर असेल त्यांच्यासाठी डासांच्या जाळीला असते तशी खाच आणि रबरी दोरी हा देखणा मार्ग आहे. मागच्या बाजूला खाच, त्यात कापड आणि वरून दोरी दाबायची. कापड मळलं की दोरी ओढून दहा मिनिटांत नवं लावता येतं.

एखादी सुरकुती राहिलीच तर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा वीतभर अंतरावरून फिरवत द्या. पॉलिएस्टर किंचित आक्रसतं आणि सुरकुती जाते. आधी उरलेल्या तुकड्यावर करून बघा. रंग काढायच्या हीट गनची हवा फार तापलेली असते, तिनं कापड क्षणात वितळेल. साधे निओडिमियम चुंबकही ८० अंश सेल्सिअसच्या वर गेले की कायमचे दुबळे होऊ लागतात, म्हणून त्यांच्यावर गरम हवा धरून ठेवू नका.

चौकट बसवण्याआधी तिच्या मागे कोपऱ्यांत आणि मध्यावर एक-दीड मिलिमीटरचे फेल्टचे तुकडे चिकटवा. मग ३० ते ३०० हर्ट्‌झपर्यंत हळूहळू चढत जाणारा एकच स्वर रोजच्या ऐकण्याच्या पातळीवर वाजवा. कुठेतरी झर्र असा आवाज आला तर चौकटीवर ठिकठिकाणी बोट टेकवत जा. जिथे बोट ठेवल्यावर आवाज थांबतो तिथे आणखी एक तुकडा. गाणं वाजवून ही चाचणी होत नाही, गाण्यात तो स्वर येतो आणि जातो, आणि दोष वूफरचा आहे असं वाटत राहतं.

शेवटचा निर्णय तुमचा आहे: ऐकताना जाळी लावायची की काढायची. घरात लहान मुलं किंवा मांजर असेल तर ती कायम लावलेली बरी, कारण डोमवर एक बोट टेकलं की ट्विटर गेला. पण मग क्रॉसओव्हरची शेवटची जुळणी आणि मोजमापं जाळी लावूनच करा, म्हणजे कापड वरच्या स्वरांत खातं तो अर्धा-एक डेसिबल तिथेच भरून काढता येतो. जे काढून ऐकणार आहेत त्यांनी काढून जुळवावं. एका स्थितीत जुळवून दुसरीत ऐकणं टाळा.

पुढे धूळ साचली की जाळी खोक्यावरून काढा, मगच तिला हात लावा. कपड्यांवरची केसं काढायचा चिकट रूळ तिच्यावरून फिरवा, नाहीतर मऊ ब्रशनं उभ्या धाग्यांच्या दिशेनं झाडा. व्हॅक्यूम क्लीनर लावायचा असेल तर दुसऱ्या खोलीत नेऊन लावा. जाळी खोक्यावर असताना लावला तर तो कापडापलीकडून ट्विटरचा डोम बाहेर ओढतो.